झाकून ठेवलेलं ताट

तो निळा चेंडू सायलीच्या हातून सुटला आणि मांजरसुंब्याच्या चौकातली निम्मी माणसं जेवायची थांबली.

चेंडू म्हणजे चांगला मांडीएवढा उंच. एका बाळंतिणीकडून ती तो परत घेऊन निघाली होती, हवा काढायचं बूच अडकून बसलं होतं, आणि केजच्या गाडीच्या कंडक्टरनं दारातच हात आडवा केला होता. "ताई, हे सीटावर बसलं तर मान्सं कुठं बसवू मी?" त्याच्याशी नीट भांडता यावं म्हणून सायलीनं एक हात मोकळा केला, आणि वाऱ्यानं तेवढ्यात डाव साधला. गाडी गेली केजकडे, चेंडू गेला उताराला, आणि ओढणी सावरत सायली चेंडूच्या मागे!

'हॉटेल धनश्री'च्या चुलीपुढं एक उंच तरुण भाकरी थापत होता. अंगावर येणारं ते निळं संकट बघून त्यानं परात सोडली आणि दोन्ही हातांनी चेंडू छातीशी धरला. निळ्या रंगावर पिठाचे दोन पांढरे पंजे उमटले.

"लेकराचं हाय का हे?"

"न्हाई. बायांचं."

"बाया खेळतेत ह्याच्यानं?"

"बाळंत होताना बसतात यावर. कळा सोसायला बरं पडतं."

त्यानं चेंडू असा अलगद खाली ठेवला, जणू आत कुणी निजलंय. त्याचे कान लाल झाले होते. सायलीला हसू आलं… तिनं ते ओढणीत लपवलं, पण त्यानं पाहिलंच.

"मग तुमी नर्स हायत का, म्याडम?"

"नर्स न्हाई, सुईणबी न्हाई. बाळंतपण डॉक्टर करतात. मी बाईजवळ थांबते. पाठ चोळते, काय चाललंय ते तिला समजंल असं सांगते, अन् तिला काय पाहिजे ते बोलायचा धीर देते. हात सोडत न्हाई, एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी त्याचं लक्ष नव्हतं. "माझ्या बहिणीला मागल्या टायमाला एवढंच मिळालं असतं ना म्याडम…" तो म्हणाला आणि पुढचं बोलायचं सोडून त्यानं करपलेली भाकरी बाजूला टाकली. मग खाली मान घालून विचारलं, "येता का तिला भेटायला? हितंच हाय, हॉटेलच्या मागं."

हे असं झालं शिवशंकरशी पहिलं भेटणं.

धनश्री त्याची धाकटी बहीण. हॉटेलला तिचं नाव दिलं तेव्हा ती शाळेत होती, आता दुसऱ्या खेपेची पोटुशी होती. दुसरं बाळंतपण सासरी करायची रीत. पण तिनं हट्टानं माहेर गाठलं होतं. नवरा फौजेत, आई तीन वर्षांमागं गेलेली. मायेचं माणूस म्हणजे हा भाऊ आणि सरूबाई आत्या. पहिल्या वेळी एका दवाखान्यात तिला टेबलावर एकटीला टाकून सगळे निघून गेले होते. ओरडली तर "आता कशाला बोंबलतेस?" असं कुणीतरी म्हणालं होतं. ते वाक्य ऐकू येऊन ती अजून झोपेतून दचकून उठायची.

"मला कळांचं भ्या न्हाई," तिनं पहिल्याच दिवशी सायलीला सांगितलं. "मला एकटीचं भ्या हाय."

"मी हात सोडणार न्हाई," सायली म्हणाली. हे ती प्रत्येकीलाच सांगायची आणि प्रत्येक वेळी खरं करायची.

पुण्यात शिकायला गेली तेव्हा तिला कळलं होतं, या कामाला डूला म्हणतात. धारूरला परत आली तेव्हा तो शब्द कुणाच्या तोंडी बसेना, म्हणून लोक तिला 'सोबतीची सायली' म्हणायला लागले. नाव झालं, पण लग्न अडलं. बघायला आलेली मंडळी पोह्यांचं कौतुक करायची, आणि मग कुणीतरी घसा खाकरून म्हणायचं, "लग्नानंतर हे काम तेवढं सोडावं लागंल." सायली तिथल्या तिथं उठून ताटल्या गोळा करायला लागायची. पाहुण्यांचे पोहे अर्धेच राहायचे! आईनं कपाळाला हात लावला, पण सायलीचं ठरलं होतं. काम सोड म्हणणारा माणूस कितीही गोरागोमटा असला तरी आपला नाही.

त्यानंतर ती दर आठवड्याला मांजरसुंब्याला यायला लागली. धनश्री चेंडूवर बसून डुलायची, लांब श्वास सोडायला शिकायची, दवाखान्यात काय बोलायचं ते घोकायची. शिवशंकर काही ना काही निमित्त काढून दारात उभा. कधी आल्याचा चहा, कधी धपाटे, तर कधी नुसताच, "काय पायजे का?"

एकदा त्यानं ओंजळीत सीताफळ आणलं.

"घ्या म्याडम. डोळे उघडलेत बघा ह्याचे."

"धनश्रीला द्या की. डोहाळे तिला लागलेत."

"तिला टोपलीभर दिलेत. हे… येगळं काढून ठेवलंतं."

"कावून?"

"लई मऊ हाय, म्हणून."

"कोण? सीताफळ का?"

त्यानं वर पाहिलं, ओठाच्या कोपऱ्यात हसला. "तुमी भांडायलाच येता का आमच्याकडं?"

"तुम्ही सीताफळ देईपर्यंत तर शहाण्यासारखीच वागत होते मी."

चेंडूवर बसलेली धनश्री खोकली. तिला खोकला वगैरे काही नव्हता.

आत्याच्या नजरेतून मात्र काय सुटणार? एक दिवस ती धनश्रीच्या कानाशी लागली, तेही सायलीला ऐकू जाईल अशा बेतानं. "हॉटेलात सत्तर वर्षांची म्हातारी आली तरी ह्याच्या तोंडी ताई. हीच तेवढी म्याडम… माझे केस काय उन्हानं पांढरे झालेत व्हय?"

सायलीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धारूरला जाणाऱ्या गाडीत मात्र खिडकीबाहेर बघत ती सारखी हसत होती. शेजारची बाई तिच्यापासून जरा सरकून बसली.

आणि मग तो दिवस आला. सायली आतल्या खोलीत धनश्रीची कंबर चोळत होती. बाहेर चुलीपाशी आत्याचा आवाज आला.

"पोरगी गुणाची हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण उद्या तू लगीन करून आणलीस, अन् ताटावर बसल्यावर हिला फोन आला तर? उठून जाणार. सणाच्या दिशी जाणार. घरात असंल कवा ती? बोल की रं."

सायलीचे हात थांबले. भाकरी थापण्याचा आवाजही थांबला. ती ऐकत राहिली… आता बोलेल, आता बोलेल. थोड्या वेळानं भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला. शिवशंकर काहीच बोलला नव्हता.

तिला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. निदान पोहे खायला आलेल्यांनी तोंडावर तरी सांगितलं होतं. त्यानंतर ती येत राहिली, कारण शब्द धनश्रीला दिला होता. पण चहा घेईना, सीताफळ घेईना, आणि दारातल्या माणसाकडे मान वर करून बघेना. शिवशंकर चेंडूवरचे पिठाचे पंजे पुसायला फडकं घेऊन आला, तर म्हणाली, "राहू द्या. मी पुसते." आणि तिनं पुसले मात्र नाहीत.

दिवाळी तोंडावर असताना एका सकाळी त्याचा फोन आला. "म्याडम… धनूला कळा लागल्यात."

सायली पोहोचली तेव्हा घरात वेगळाच गोंधळ चालला होता. बाई अडू नये म्हणून घरातलं बंद असेल ते सगळं उघडायचं, बांधलेलं सोडायचं, अशी जुनी रीत. आत्या हुकूम सोडत होती आणि शिवशंकर घामाघूम होऊन पाळत होता. कपाटं उघडी, पेट्या उघड्या, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं काढलेली, पोत्यांच्या सुतळ्या सुटलेल्या. हॉटेलाच्या गल्ल्यालासुद्धा कुलूप नव्हतं. शिवशंकरची जीप निघाली तेव्हा सायलीनं मागं वळून पाहिलं, तर दोन म्हशी डौलात चौकाकडे निघाल्या होत्या.

"म्हशी पण सोडल्या?"

"आत्या म्हणली, बांधलेलं समदं सोड," शिवशंकर म्हणाला. कळ सोसता सोसता धनश्री हसली, आणि सायलीला वाटलं, चला, सुरुवात तर चांगली झाली.

सरकारी दवाखान्यात राजश्री सिस्टर होत्या. कामानं वाकलेल्या, पण समंजस. "आत एकच बाई थांबंल. कोण?"

आत्यानं पदर खोचला. "मीच की. लग्न न झालेल्या पोरीचं काय काम हाय आत?"

हे सायलीनं बोलायचं नव्हतं. तिनं फक्त धनश्रीकडे पाहिलं. धनश्रीनं घोकलेला लांब श्वास सोडला आणि म्हणाली, "आत्या, तू मला आईसारखी हाईस. पण आत मला सायली पायजे. अन् सिस्टर, मला उताणी झोपवू नका, जमंल तवर चालू द्या. तपासताना आधी सांगा."

राजश्री सिस्टरनी चष्म्यावरून बघितलं. "सगळं ठीक असंल तवर चाल बाई. मी येऊन बघत जाईन."

एवढंच होतं, पण धनश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या वेळी तिला कुणी विचारलंच नव्हतं.

चालणं सुरू झालं. व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, धनश्रीचे हात सायलीच्या गळ्यात. सिस्टर तपासून जायच्या, बाळाचे ठोके उत्तम म्हणायच्या. पण ऊन माथ्यावर आलं तरी गाडी पुढं सरकेना. बाकड्यावरची आत्या अस्वस्थ झाली.

"शिवा, समदं उघडलंस ना रं?"

"समदं."

"मग अडलं कावून? काहीतरी बंद राहिलंय. आठव."

तो आठवत राहिला. मग उठला आणि व्हरांड्याच्या मधोमध येऊन उभा राहिला. बहिणीसमोर, आणि बहिणीला धरून उभ्या असलेल्या सायलीसमोर.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "माझं तोंड."

"मी कामावर आहे," सायली म्हणाली. तिचं काळीज मात्र कुठल्या कुठं पळत होतं.

"तुमी काम करा. मी नुसतं बोलतो. त्या दिशी आत्यानं इचारलं तवा मी—"

"थांब!" धनश्रीनं डोळे मिटले. "कळ आली."

तिघेही थांबले. सायलीनं तिच्या कमरेवर तळवा दाबून धरला, हळूहळू तिच्याबरोबर श्वास सोडला. कळ ओसरली. धनश्रीनं एक डोळा उघडला. "हां. आता बोल."

"मी गप बसलो कारण मला भ्या वाटलं. तुमी आत हाव, ऐकताव, हे ठावं होतं. वाटलं, मी बोललो अन् तुमी हसलात तर? रोटी-भाजी इकणारा माणूस मी, तुमी पुण्यात शिकून आलेल्या…" त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "पण आत्याच्या बोलण्याचं उत्तर माझ्यापाशी तवाच होतं. ताटावरनं उठून जावं लागलं, तर जावा. मी ताट झाकून ठेवीन. किती बी येळ लागला तरी झाकून ठेवीन. काम सोडा असं म्हणणार न्हाई, कवाच न्हाई."

एवढे पोहे झाले, एवढे घसे खाकरले गेले, पण हे वाक्य सायलीला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

बाकड्यावरून आत्या गरजली, "अरं, आज काई झाकायचं नाव काढू नगं!"

धनश्री एवढी हसली, एवढी हसली की तिला सायलीच्या खांद्यावर डोकं टेकावं लागलं; आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. "सायली… आता लई खाली दाबतंय गं."

त्याच्या बोलण्याचा आणि बाळाचा काही संबंध होता असं सायली कधीच म्हणणार नाही. ती शिकलेली आहे. आत्या मात्र अख्ख्या मांजरसुंब्याला सांगत सुटली, तो भाग वेगळा.

तिसऱ्या प्रहरी मुलगी झाली. सायलीनं हात सोडला नाही, सिस्टरनी प्रत्येक गोष्ट आधी सांगून केली, आणि ओली, उबदार लेक छातीवर ठेवली तेव्हा धनश्री म्हणाली, "या वेळी मला समदं आठवंल. अन् आठवून बरं वाटंल."

सायली बाहेर आली तेव्हा तिच्या पायांत गोळे आले होते. शिवशंकरनं बाकड्यावर वर्तमानपत्र अंथरून डबा सोडला. येसर आमटी, भाकरी, कांदा, आणि डोळे उघडलेलं एक सीताफळ. ताट वाढून तो जरा दूर जाऊन उभा राहिला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. म्हशी चौकातच सापडल्या होत्या, दोन्ही, आणि वाहतूक अजून तुंबलेली होती.

सायलीनं पहिला घास घेतला. दुसरा तोंडाशी नेला… आणि तिचा फोन वाजला. केजची एक बाई, पहिलटकरीण, घाबरलेली.

तिनं घास ताटात ठेवला. हात धुतला. शिवशंकरनं डब्याचं झाकण उचललं, ताटावर ठेवलं, वरून पंचा गुंडाळला. मग जीपची किल्ली पुढं केली. "सोडू का केजला, म्याडम?"

ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"म्याडम न्हाई. सायली म्हणा."

त्याचे कान परत लाल झाले.

"अन् चला लवकर," ती म्हणाली. "ते ताट पण गाडीत घ्या. तिचं झालं, की जेवू आपण… दोघं."