साहेब पोहत आहेत

सकाळी उठलं की घुम्याचं पहिलं काम म्हणजे साहेबांचं तोंड पाहणं.

साहेब म्हणजे मासा. वीतभर लांबीचा, चंदेरी अंगाचा, पोटाशी जरा सुटलेला. तलावाकाठच्या पंपघरात भिंतीला लागून एक काचेची पेटी होती. शहराकडे जाणाऱ्या पाण्याचा एक बारीक फाटा या पेटीतून काढलेला होता आणि त्या पाण्यात साहेब दिवसभर गोल गोल फिरत असायचे. मासा उलटा झाला तर मोठा व्हॉल्व्ह ताबडतोब बंद करायचा, असा तिथला जुना नियम. त्यांच्या मर्जीशिवाय शहराला थेंब मिळत नाही, म्हणून कुणीतरी थट्टेत त्यांना साहेब म्हटलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. पाहणी झाली की घुम्या शहरातल्या इंजिनिअरला फोन लावायचा आणि एकच वाक्य बोलायचा, "साहेब पोहत आहेत." इंजिनिअर अंगाने जाडजूड. फोनवरही त्याच्या धापा ऐकू यायच्या. दोन धापांच्या मध्ये तो "बरं" म्हणायचा. संपलं.

घुम्या तिथला व्हॉल्व्हमन. खरं नाव त्याला फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं. मुळात अबोल, त्यात नोकरी अशी की बोलायला समोर माणूस नाही. बायको आणि लहानगी चिऊ शहरात, हा इथे. सुट्टी मिळाली की घरी जायचं, चिऊला खांद्यावर घ्यायचं आणि तिची बडबड कानात साठवून परत यायचं. त्या बडबडीवर त्याचा आठवडा निघायचा. सगळ्या शहराला पाणी पाठवणाऱ्या पंपघराला स्वतःचा नळ मात्र नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. घुम्या आपली घागर मागच्या टेकडीवरच्या झऱ्यावर भरायचा.

त्या वर्षी तलावाच्या वरच्या काठाला कोंबड्यांच्या लांबच लांब शेडी उभ्या राहिल्या. त्यांना जागा हवी म्हणून काठावरचं पाणकणीस जाळून साफ केलं. पुरुषभर उंचीचं ते दाट गवत वरून येणारी सगळी घाण आपल्या मुळांत अडवून धरायचं. ते गेलं, आणि शेडींचा नाला थेट तलावात उतरू लागला. मग बेडूक गप्प झाले. पाणकोंबड्या दिसेनाशा झाल्या. वारा पडला की पाण्यावरून गोडसर, कुबट वास यायचा, बंद खोलीत विसरलेल्या फुलांसारखा.

घुम्याने धीर करून इंजिनिअरला सांगून पाहिलं.

"मासा पोहतोय ना?"

"पोहतोय, सर."

"मग तू कशाला बेडकांची काळजी करतोस? बेडूक काय पाणीपट्टी भरतात?" इंजिनिअर स्वतःच्याच विनोदावर धापा टाकत हसला.

घुम्याही हसला. हसावं लागतं.

थंडी वाढली. त्या महिन्यात घुम्याला सुट्टी मिळाली नाही. साहेबांना टाकलेले खाण्याचे दाणे तसेच तळाशी पडून राहू लागले. घुम्या रोज ते जाळीने काढायचा आणि स्वतःशी म्हणायचा, थंडीने भूक मरते. संध्याकाळी बायकोचा फोन आला तर तीही म्हणाली, "चिऊ नीट जेवत नाहीये. काही नाही हो, थंडीने भूक मरते." तेव्हा त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग एका सकाळी झऱ्यावर त्याला शेळ्यांची मावशी भेटली. पलीकडच्या माळावर एकटी राहायची, शेळ्या राखायची. एरवी शिव्या देत, खोकत, शेळ्या हाकत यायची. आज नुसतीच दगडावर बसली होती. हातात रिकामा दोर.

"मावशी, शेळ्या कुठे?"

"घरी आहेत."

"आजारी?"

"आजारी असत्या तर पाला वाटून पाजला असता." तिच्या तोंडातून वाफ निघत होती आणि त्या गारठ्यात लगेच विरत होती. "तलावाचं पाणी पीत नव्हत्या रे. काठाला यायच्या, नाक लावायच्या, फुरफुरून मागे. मी म्हटलं, भवान्यांचे नखरे वाढलेत. या थंडीत रोज इथवर चढायचं कुणी? मान धरून एकेकीला पाजलं."

"मग?"

"मग काय… चालतात. बसतात. हाक मारली की येतात."

"मग झालं की, मावशी."

म्हातारी बराच वेळ दोराची गाठ चाचपत राहिली.

"थंडीत मी त्यांच्यातच झोपते. मला दुसरं आहे कोण?" तिने आवाज खाली आणला. "आता त्यांची ऊब येत नाही रे. पहाटे मी एकीच्या पोटावर हात ठेवला. पोट हलत नव्हतं. कान लावला… आत काही नाही. आणि ती मान वळवून माझ्याकडे बघत उभी."

एकटं राहून राहून माणसाचं असं होतं, घुम्याने मनात म्हटलं. कधीतरी आपलंही होईल.

"तुझा तो साहेब बरा आहे ना?" घागर उचलताना मावशीने विचारलं.

"बरा आहे. पोहतोय."

"हं," मावशी म्हणाली. "माझ्याही चालतायत."

पंपघरात आल्यावर त्याने घागर ठेवली आणि पेटीसमोर उकिडवा बसला. रोज तो साहेबांना पाहायचा. पण पाहायचा म्हणजे काय, तर पोट खाली आहे का आणि शेपटी हलतेय का, एवढंच. नियमात तेवढंच होतं. आज त्याने काचेला नाक लावलं.

साहेब समोरून गेले. वळले. पुन्हा आले.

त्यांचे कल्ले मिटलेले होते.

मासा श्वास घेतो तेव्हा त्याचे कल्ले उघडतात, मिटतात, तोंडाची उघडझाप होते. घुम्या डोळ्यांत तेल घालून बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या श्वासाने काच धुरकट व्हायची, तो बाहीने पुसायचा. साहेब फिरत होते. शेपटी डावीकडे, उजवीकडे. तोंड घट्ट बंद. कल्ले, जणू शिवून टाकलेले. त्याने बोट पाण्यात घातलं तर साहेब नेहमीसारखे बोटाजवळ आले आणि वाट बघत थांबले. डोळ्यावर पांढरी साय धरली होती.

कोपऱ्यात कालचे दाणे अख्खेच्या अख्खे पडले होते.

थंडीने भूक मरते… हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकलं होतं. त्याने घरी फोन लावला.

"चिऊ काय करतेय?"

"बसलीय," बायको म्हणाली. "शहाण्यासारखी. त्रास म्हणून नाही."

"बोलत नाही?"

"विचारलं की बोलते."

"ताप आहे का तिला?"

"ताप? छे हो. उलट गार आहे अगदी."

त्याने लगेच इंजिनिअरला फोन केला. एवढं लांबलचक तो आयुष्यात कधी बोलला नव्हता. शेळ्या, दाणे, कल्ले, सगळं एकात एक गुंतत गेलं.

"मासा उलटा झालाय का?"

"नाही, सर. पोहतोय. पण श्वास घेत नाही."

"नियम काय आहे?"

"उलटा झाला तर बंद करायचं…"

"मग?"

"माझी मुलगी तेच पाणी पिते, सर."

"आम्ही सगळेच पितो," इंजिनिअर सावकाश म्हणाला. "आम्हाला कुठे काय झालंय?"

त्यानंतर तो गप्प झाला. घुम्याही. फोन चालूच होता. घुम्या कान दाबून ऐकत राहिला. त्या धापा, ज्या रोज फोनवर ऐकू यायच्या, त्या कुठेच नव्हत्या. फोनच्या पलीकडे इतकी शांतता होती की जणू रिकाम्या माठाला कान लावला असावा.

त्याने फोन ठेवला आणि व्हॉल्व्हचं चाक धरलं. नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होतं. जाऊ दे. चाक गंजलेलं, अंगाचा भार टाकून टाकून त्याने ते शेवटपर्यंत आवळलं. पंप थांबवला. पाइपातली घरघर बंद पडली, आणि तलावावर जी शांतता होती ती दारातून आत आली. पेटीतलं पाणीही स्थिरावलं. पाण्याचा ओघ थांबला तरी साहेब फिरतच होते.

मग त्याने कुलूपसुद्धा लावलं नाही. रस्ता धरला.

शहरात पोचला तेव्हा उन्हं उतरली होती. गारठा हाडांत शिरत होता. नळ कोरडे पडले असावेत, कारण गल्लोगल्ली लोक बादल्या घेऊन उभे होते. आता शिव्या पडतील म्हणून घुम्याने मान खाली घातली. एरवी पाणी थोडं उशिरा आलं तरी या गल्लीत केस उपटण्यापर्यंत मजल जायची. पण कुणी भांडत नव्हतं. रांग सरळ होती. दोघीजणी एकमेकींशी हळू आवाजात बोलत होत्या. कोपऱ्यावरचं कुत्रं, जे त्याला पाहिलं की उड्या मारायचं, ते बसल्या जागेवरून नुसतं त्याच्याकडे वळलं.

काहीतरी कमी होतं. काय, ते त्याला उमजेना. तो भरभर चालत होता, दम लागला होता, तोंडासमोर वाफेचे ढगच्या ढग उठत होते. आणि रांगेतली माणसं, एकेक करून, त्याच्या तोंडाकडे बघायला लागली होती.

त्याने त्यांच्या तोंडांकडे पाहिलं नाही. पाहायचं नाही असं ठरवून तो घरापर्यंत अक्षरशः धावला.

बायकोने दार उघडलं. "अहो, आज कसे काय? सुट्टी नाही ना?"

"चिऊ?"

चिऊ खिडकीपाशी पाटावर बसली होती. त्याला पाहून हसली. उठून आली आणि नेहमीसारखे हात वर केले. त्याने तिला उचलून छातीशी घट्ट धरलं. तिचा गाल त्याच्या मानेला लागला, झऱ्यातल्या दगडासारखा. 'मी बंद केलं, बाळा,' त्याला म्हणायचं होतं, 'आता येणार नाही ते पाणी.' पण शब्द फुटला नाही. नुसती वाफ बाहेर पडली.

चिऊने ती बोटाने धरायचा प्रयत्न केला. मग मान तिरकी करून त्याच्या ओठांकडे टक लावून पाहिलं.

"आई, बाबांच्या तोंडातून धूर का येतोय?"

बायको स्वयंपाकघरातून आली. घरातली सगळी भांडी तिने सकाळीच काठोकाठ भरून ठेवली होती. हातातला पेला तिने त्याच्यापुढे धरला.

"थांबेल हं," ती मायेने म्हणाली. "पाणी प्यायले की थांबेल."