जातो म्हणू नये

वजनकाट्याने नऊ किलो शंभर ग्रॅम दाखवले. मी करडा प्लास्टिकचा डबा उचलला, काटा शून्यावर आला, डबा पुन्हा ठेवला. नऊ किलो शंभर.

ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या, सलिलच्या, अस्थी मिळाल्या, तेव्हा याच डब्याचं वजन अडीच किलो होतं. आता एप्रिल. झाकण उघडून पाहिलं, राखेची पातळी तीच होती.

मी इथल्या दूध कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. तिथली प्रमाण वजनं घरी आणून काटा तपासला. काटा बरोबर होता. बाथरूममधलाही. ऑगस्टमध्ये मी अठ्ठावन्न किलो होते, आता एक्कावन्न चारशे. डॉक्टरांना रक्तात काही सापडलं नाही. वजाबाकी मी त्यांना दाखवली नाही: माझे सहा किलो सहाशे कमी, डब्यात तेवढेच जास्त.

मुलीचा, रुचाचा, पॅरामॅटा शहरातून फोन आला. "आई, अजून घरातच ठेवल्यायत? It's been eight months. या वीकेंडला समुद्रात सोडूया, मी येते."

"बघू," मी म्हणाले. दर महिन्याला हेच म्हणत होते.

आमचं बॅलिनडरा हे गाव एकाच आयरिश गावातून आलेल्या माणसांनी वसवलेलं आहे. बटाट्याची शेतं, काळ्या दगडाचं चर्च, आणि दुकानांच्या पाट्यांवर तीच सातआठ आडनावं. शेजारची नोरा गावाचं छोटं म्युझियम सांभाळते. त्या दिवशी चारच्या चहाला ती आली आणि सलिलच्या खुर्चीत बसता बसता उठली.

"गरम आहे," ती म्हणाली.

"ऊन येतं तिथे."

"दक्षिणेच्या खिडकीतून? या देशात ऊन उत्तरेकडून येतं. सायंटिस्ट ना तू, लव्ह?"

मग तिने विचारलं, तो गेला तेव्हा काय बोलला.

मी सांगितलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना सलिल म्हणाला होता, 'जातो गं.' आमच्यात निघताना असं बोलत नाहीत. मी सवयीने दटावलं, 'जातो म्हणू नये, येतो म्हण.' तो हसला. 'बरं बाई, येतो.'

नोराने कप खाली ठेवला.

"आमच्या जुन्या गावात जहाजावर जाणाऱ्याचं सुतक आदल्या दिवशीच पाळायचे. तो जिवंत समोर बसलेला असायचा. परतणार नाही हे ठाऊक असायचं. शेवटी आईने खिडकी उघडून म्हणायचं, जा. एकीला ते म्हणवलं नाही. ती म्हणाली, ये हं. पोराचं जहाज बुडालं. तरी रोज चहाच्या वेळी त्याची खुर्ची गरम."

"आणि आई?"

"तिची शवपेटी एकट्या माणसाने काखेत मारून नेली."

ती उठली आणि खिडकी उघडली. "तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

"जा."

"ज्या," ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली. काहीच झालं नाही. "तूच म्हणायला हवंस. एकच शब्द. आत्ता."

बाहेर वारा नव्हता. बटाट्याच्या शेतावर धूळ स्थिर होती. पडदा आत फुगला.

खुर्चीची उशी हळूहळू दबली.

मला त्याच्या शेव्हिंग क्रीमचा वास आला. मग तो घसा साफ करण्याचा आवाज, दोनदा, चहा मागण्याआधी करायचा तसा.

नोराने माझा दंड धरला. तिची बोटं माझ्या दंडाभोवती पूर्ण फिरून एकमेकांना टेकली. तिने खाली पाहिलं आणि हात सोडला.

"म्हण, लव्ह. प्लीज."

मी खिडकी लावून घेतली. कडी घातली. तिसरा कप काढला.

"ये," मी म्हणाले.