उत्तर आलं, नाही

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. पण माझा मामा थापा मारणाऱ्यातला नाही. त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर नाकी नऊ येतात. आणि भुतं फक्त रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी तर हे वाचाच. कारण हे घडलं गुरुवारी, दुपारी साडेतीनला, लख्ख उन्हात, बंदराच्या शेवटच्या धक्क्यावर.

मामा नौदलाच्या गस्तीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचा. किनाऱ्याच्या आसपास फिरणारी, चोरटा माल पकडणारी, वादळात अडकलेल्या मच्छीमारांना ओढून आणणारी छोटी बोट. सव्वीस वर्षं राबली. नवी होती तेव्हा पाण्यावरून पळायची. शेवटी शेवटी नुसती धापा टाकायची. तोफ काढून नेलेली, तळाला ठिगळं.

"हिच्यात आता लोखंड कमी आणि रंग जास्त," मामा म्हणायचा.

त्या गुरुवारी तिची शेवटची पाळी होती. चार वाजता ओढून भंगारात नेणार होते. त्याआधी प्रत्येक टाकी तपासून झाकण बंद करायचं, हा नियम.

झाकण बंद करायचाही नियम होता. आधी तीन ठोके. मग हाक, "आत कोणी आहे का?" मग दहा आकडे मोजायचे. मग नट आवळायचे. मग कागदावर एक ओळ लिहायची: हाक दिली, उत्तर आले नाही. खाली सही.

मामाबरोबर कागद घेऊन एक तरुण अधिकारी बाई होत्या. अकरा झाकणं झाली.

बारावी टाकी बोटीच्या पुढच्या टोकाची. पाण्याची.

मामाचे पाय तिथे अडले.

"काका, काय झालं?"

"काही नाही, मॅडम."

काही नाही कसं? बावीस वर्षं मामा त्या टाकीकडे पाठ करून चालत होता.

बावीस वर्षांपूर्वी बोटीवर त्याचा एक जिवलग मित्र होता. सगळे त्याला टिवल्या म्हणायचे, कारण त्याला टिवल्याबावल्या केल्याशिवाय अन्न पचत नसे. तो टाकीत रंग खरवडायला उतरला, की वरून कोणी विचारायचं, "आत कोणी आहे का?" हा आतून ओरडायचा, "नाही!" सगळे हसायचे.

एका सकाळी अचानक हुकूम आला. मच्छीमारांची नाव बुडतेय, ताबडतोब निघा. एकच पळापळ. मामा झाकणं बंद करत सुटला. याच पाण्याच्या टाकीवर तीन ठोके दिले. हाक दिली.

आतून आलं... "नाही."

मामानं नट आवळले.

हो, आवळले. कानांनी ऐकलं, डोक्यानं ऐकलंच नाही. मागून कोणीतरी बोललं असेल असं वाटलं म्हणे. बोट निघाली. इंजिनाच्या धडधडीत आतले ठोके कोणाला ऐकू जाणार? सहा मच्छीमार वाचवले. परतताना चहाला माणसं मोजली, तर एक कमी.

बंद टाकीतला गंज आतली हवा खातो. मामाला हे ठाऊक होतं. झाकण उघडेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. मामा खरंच बोलला. म्हणाला, "हाक दिली. उत्तर आलं, नाही."

लिहिणाऱ्यानं लिहिलं, उत्तर आले नाही.

फक्त एक स्वल्पविराम गेला. मामानं कागद वाचला. चूक कळली. घरी मामी, कडेवर मूल. पेन हातात होतं. त्यानं सही केली. नियम पाळला म्हणून मामा सुटला. हाकेला ओ दिली नाही म्हणून दोष मेलेल्याच्या माथी लागला.

हे सगळं त्या दुपारी त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

"काका, साडेतीन होत आले."

मामानं बॅटरी मारून टाकी पाहिली. कोरडी, रिकामी. झाकण ठेवलं. तीन ठोके दिले. घसा साफ केला.

"आत कोणी आहे का?"

एक... दोन... तीन... चार...

"नाही."

मामा हलला नाही. त्याला वाटलं, आपलं मन बोललं. पण त्यानं वर पाहिलं, तर मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

झाकण उघडलं. गंज. बाकी काही नाही. पुन्हा बंद केलं. पुन्हा ठोके, पुन्हा हाक.

"नाही."

या वेळी अगदी झाकणाला तोंड लावल्यासारखं.

मॅडमनी कागद पुढे केला. "लिहा उत्तर आले नाही, आणि वर चला. प्लीज, काका."

तीच ओळ. तीच टाकी. मामानं पेन घेतलं आणि लिहिलं: हाक दिली. उत्तर आले, "नाही".

"असं लिहून कसं चालेल? बोट हलायची नाही."

"मागच्या वेळी हलली, मॅडम," मामा म्हणाला. मग तिथेच जिन्यावर बसून त्यानं त्यांना सगळं सांगितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

नट मामानं आवळले नाहीत. ते झाकण तसंच उघडं ठेवून बोट गेली. मॅडमनी काय सांगून निभावलं, त्याच जाणोत.

दुसऱ्या दिवशी मामा टिवल्याच्या मोठ्या बहिणीकडे गेला. एकटी राहतात, शिवणकाम करतात. भावाच्या फोटोखालीच त्यांचं मशीन. मामानं उभ्याउभ्याच सांगितलं. स्वल्पविरामासकट.

ताई रडल्या नाहीत. मशीन थांबवून फोटोकडे वळल्या.

"बावीस वर्षं मी याला बोलले हो," त्या म्हणाल्या. "रोज. मेल्या, एक ओ द्यायला काय झालं होतं तुला?"

मामानं हात जोडले.

"मला एकच सांगा. तो हसत होता का?"

"म्हणजे?"

"नाही म्हणाला तेव्हा. हसत म्हणाला का?" ताईंनी कापड खाली ठेवलं. "लहानपणी त्याला बंद खोलीची फार भीती. दार लावायला गेलं, की बाकीची पोरं नको नको म्हणायची. हा म्हणायचा, नाही, नाही. म्हणून विचारते. मस्करी होती, की दार लावू नका म्हणत होता?"

मामा म्हणाला, "हसत म्हणाला, ताई."

घरी येऊन त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला आणि घरातल्या प्रत्येक दाराची कडी काढली. बाथरूमचीसुद्धा. मामी कावली, भांडली, शेवटी तिनं पडदा लावला. मी तर मामाची खूप चेष्टा केली.

परवा दुपारी त्यांच्याकडे गेले होते. दोघं बाजारात गेलेले, घरात मी एकटी. कपड्यांच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटत होतं. वैतागून मी ते ओढून घेतलं. दार चौकटीला टेकणार, एवढ्यात...

"नाही."

मी दार सोडून दिलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. मामा आल्यावर त्याला काही सांगितलं नाही. कारण त्यानं तेच विचारलं असतं, जे ताईंनी विचारलं.

आणि तो आवाज हसत नव्हता.