अनवाणी घोटा

करवीरच्या चंद्राबाईंनी बांबूच्या कामट्या बांधून माणसांची आणि बैलांची हाडे जुळवली. त्यांच्या कन्या भागीरथीबाई यांनी आंबेहळद आणि रक्तबोळाच्या लेपाने तोच वारसा चालवला. भागीरथीबाईंच्या कन्या सिस्टर मनोरमा यांची उभी हयात प्लास्टरच्या खोलीत गेली. या तिघींच्या वंशात डॉ. यशोधरा सरनोबत जन्मल्या. सत्तरी उलटली तरी त्यांच्या फेरीच्या वेळी वॉर्डातले पंखेसुद्धा दबकून फिरतात, असे कनिष्ठ डॉक्टर आपसांत म्हणत. यशोधराबाईंना ते ठाऊक होते आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नव्हते.

त्या सकाळी टेबलावरच्या पडद्याच्या काचेत शर्वरी चौगुलेचा घोटा चालत होता. शर्वरी स्वतः मात्र जायबंदी पाय उशीवर ठेवून खाटेवर पडून होती. काचेतला घोटा म्हणजे तिचा प्रतिघोटा. हाडांच्या चित्रांवरून संगणकाने घडवलेला हुबेहूब जुळा. एव्हाना सगळ्यांच्याच बुटांच्या तळव्यात असलेली संवेदक पट्टी माणसाचे प्रत्येक पाऊल टिपून ठेवी आणि जुळा तीच चाल पुढे चालवी. चहाचा कप संपेपर्यंत त्याची दहा वर्षे चालून होत.

घोट्याच्या वर दोन हाडांना बांधून ठेवणारा शर्वरीचा अस्थिबंध फाटला होता. तो जुळवण्याच्या पद्धती दोन. एकीत दोन्ही हाडांतून धातूचा स्क्रू आरपार घालायचा. दुसरीत दोन बारीक बटणांमध्ये चिवट दोरी ताणून बसवायची. कोणती सरस, हे ठरवण्यासाठी यशोधराबाईंच्या रुग्णालयाने तीन वर्षे शेकडो प्रतिघोटे चालवले होते.

"स्क्रूच सरस, मॅडम. दोरी थोडी सैलावते," हाताखालचे डॉ. मगदूम म्हणाले. "पुढच्या आठवड्यात आपला निष्कर्ष राज्यभर लागू होतोय."

खाटेशेजारी शर्वरीचे आजोबा, वस्ताद दौलू चौगुले, काठी टेकून बसले होते. नातीला आखाड्यात पुन्हा उभे राहता येईल का, एवढेच त्यांनी विचारले होते. त्या प्रश्नाचे ओझे यशोधराबाईंनाच ठाऊक होते. त्या नव्या डॉक्टर होत्या तेव्हा पैलवानाचा पाय बाईच्या हाती द्यायला शहरात कोणी धजत नव्हते. अशात वस्तादांचाच घोटा मोडला. मोठमोठे सर्जन समोर उभे असताना ते म्हणाले होते, "हिलाच हात लावू दे." त्या दिवसापासून शहरातल्या साऱ्या तालमी यशोधराबाईंच्या दाराशी आल्या. हे उपकार फेडण्याची संधी मात्र मिळाली नव्हती, कारण वस्तादांना त्यानंतर साधा तापही आला नाही.

यशोधराबाई काचेकडे पाहत राहिल्या. घोटा चालला, जिना चढला, खुर्चीवर टेकला, पुन्हा चालला.

"शर्वरी, रोज बैठका किती मारतेस?"

"पाचशे. आजोबा रागात असले तर जास्त."

"यात एकही दिसत नाही."

"मातीत बूट घालून कोण उतरतंय, मॅडम? तालमीच्या दारातच काढतो. घरात तर न्हाईच."

मगदूमांचा चेहरा उतरला. खोलीतला प्रत्येक जण घरी गेल्यावर उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढत होता, आणि तीन वर्षांत हे कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. प्रतिघोट्यांनी माणसे पाहिली होती ती रस्त्यावरची. घरात मांडी घालणारी, उकिडवी बसून कपडे धुणारी, आखाड्यात घुमणारी माणसे त्यांना माहीतच नव्हती.

यशोधराबाईंनी तालमीतल्या तीन मुली बोलावून घेतल्या. अनवाणी घोट्यांवर चिकटपट्टीचे संवेदक लावून मुलींनी व्यायामोपचाराच्या खोलीत बैठका सुरू केल्या. दाराशी नातेवाइकांची गर्दी जमली. हे रुग्णालय आहे की जत्रा, असे वॉर्डातल्या सिस्टरांनी विचारले, आणि मग त्याही पाहत उभ्या राहिल्या.

ती नोंद शर्वरीच्या जुळ्याला दिली. पाय पूर्ण वाकला की घोट्यातले हाड पाचरीसारखे वर घुसते आणि वरच्या दोन हाडांना केसभर फाकावे लागते. स्क्रू त्यांना फाकू देईना. जुळ्याच्या चालीच्या दुसऱ्या वर्षी तो काचेत कडकन तुटला. दोरीच्या घोट्यात मात्र हाडे प्रत्येक बैठकीला जराशी सरकत आणि जागेवर येत. दहा वर्षे संपली तरी दोरी शाबूत होती.

"मॅडम, निष्कर्ष मागे घेतला तर रुग्णालयाचं नाव जाईल," मगदूम हळूच म्हणाले.

"चूक माझ्या हाताखाली झाली. ती मीच सांगणार, माझ्या सहीने. नाव कशाने जातं ते मला शिकवू नका."

त्याच सायंकाळी निष्कर्ष मागे घेतल्याचे त्यांनी भरल्या सभागृहात उभे राहून जाहीर केले. खुर्चीवरचे आयुष्य मोजून आपण जमिनीवर बसणाऱ्यांचे पाय दुरुस्त करायला निघालो होतो, असे त्या म्हणाल्या. आता मणक्याचे जुळे आले आहेत, हृदयाचेही येत आहेत. माणसाच्या दिवसाचा कोणता भाग त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही, हे कोण विचारणार? यशोधराबाई ताठ मानेने व्यासपीठावरून उतरल्या.

शर्वरीला त्यांनी स्वतःच्या हाताने दोरी बसवली.

पुढच्या वर्षी तालमीचे बोलावणे आले. यशोधराबाई अनवाणी आत गेल्या, तेव्हा शर्वरी बैठका मारत होती आणि वस्ताद मोजत होते. पाचशे झाल्या. शर्वरी थांबली नाही. वस्तादांनीच मोजणे सोडले आणि ते काठी टेकत उठले.

"बाई, माझ्या पायाचं देणं फिटलं."

"पुरतं?" यशोधराबाईंनी दरडावून विचारावे तसे विचारले.

वस्तादांनी मूठभर तांबडी माती उचलली. ती आजवर त्यांनी फक्त पैलवानांच्याच कपाळी लावली होती. यशोधराबाईंच्या कपाळी बोटाने ती लावत ते म्हणाले, "पुरतं."