ग्राफिक्स कार्ड यायच्या आधी

भाचीला एकाच कॉम्प्युटरवर गेम खेळायचे होते आणि लोकांचे व्हिडिओही एडिट करून द्यायचे होते. अशी गिऱ्हाइकं माझ्या दुकानात रोज येतात आणि डोकं खातात. ही तर घरचीच. आठवडाभर आम्ही पार्टांवरून हुज्जत घातली. तिला रंगीत दिव्यांचे पंखे हवे होते. मी म्हटलं, "दिव्यांनी व्हिडिओ लवकर तयार होत नाही. त्यापेक्षा रॅम दुप्पट घेऊ." दिवे गेले.

प्रोसेसर मी मुद्दामच असा निवडला, ज्याला स्वतःहून स्क्रीनवर चित्र दाखवता येत नाही. ते काम वेगळं ग्राफिक्स कार्ड करणार होतं, मग एकाच सोयीसाठी दोनदा पैसे कशाला मोजायचे? कार्ड यायला दोन दिवस होते. बाकीचं सगळं मी तिच्या खोलीत जोडून ठेवलं आणि बजावलं, "कार्ड बसेपर्यंत हा नुसता डबा. उगाच खटपट करू नकोस."

खरं तर ती पुन्हा कशात तरी रस घेतेय, यानेच मी सुखावलो होतो. वर्षापूर्वी माझी ताई आणि ही तिची मुलगी एकाच गाडीत होत्या. ट्रक येऊन धडकला. ही वाचली, ताई गेली. तेव्हापासून पोरगी धड जेवत नव्हती की बोलत नव्हती. भावोजींनी आणि मी, दोघांनीही हात टेकले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला कार्डाचा खोका काखेत मारून गेलो. भावोजी कामावर गेले होते. भाची टेबलासमोर बसली होती, अंगावर कालचेच कपडे. शेजारी जेवणाचं ताट झाकलेलं होतं.

"मामा, कार्ड नको बसवूस," ती म्हणाली. "हा चालतोय."

"अगं, काहीतरीच काय! कार्डाशिवाय हा..."

स्क्रीनवर चित्र होतं.

मी आधी मागे वाकून पाहिलं. नवशिके करतात तेच तिने केलं होतं, स्क्रीनची वायर थेट मदरबोर्डात खुपसली होती. या प्रोसेसरवर तिथून चित्र येऊच शकत नाही. इंटरनेट जोडलेलं नव्हतं, डिस्क कोरी होती, कॅमेरा तर आम्ही घेतलाच नव्हता. मी वायर उपटली. स्क्रीन काळी झाली. परत लावली, चित्र परत आलं.

चित्रात हीच खोली होती. हीच खुर्ची, खिडकीतून येणारं हेच ऊन. खुर्चीत ताई बसली होती.

केवढी वाळली होती ती! केस पांढरे झाले होते. गेली तेव्हा तिचा एक केस पिकलेला नव्हता. ती आमच्याकडे बघत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा बघत होती. आवाज येत नव्हता.

"कालपासून अशीच बसलीये," भाची म्हणाली. "मी हात केला की तीही करते. मामा, कार्ड लावलंस की इथून चित्र यायचं बंद होईल ना?"

"हो." खोटं बोलायचं मला सुचलंच नाही.

"मग नको ना लावूस. पाया पडते तुझ्या."

भाचीच्या मागे भिंतीवर ताईचा फोटो होता. चित्रातही त्याच भिंतीवर, त्याच खिळ्याला, तीच चौकट होती. आतला फोटो भाचीचा होता.

"तिकडे मी नाहीये," भाची म्हणाली. तिने ते कालच पाहिलं असावं.

मनात एकच घोळत होतं. हे आत्ताच्या आत्ता बंद केलं पाहिजे, नाहीतर पोरगी यातून उठायची नाही.

तेवढ्यात ताईच्या मागचं दार उघडलं.

आलेल्या माणसाच्या अंगात चौकड्यांचा शर्ट होता. तोच शर्ट माझ्या अंगात होता. त्याच्या काखेत कार्डाचा खोका होता.

तो मी होतो.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मला पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

ताई उठली. दोन्ही हात पसरून त्याच्या आडवी आली. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी समजावलं. ती नकारार्थी मान हलवत राहिली. मग तिला बाजूला सारून तो टेबलाखाली वाकला, भिंतीवरच्या बटणाकडे.

"नको!" भाची किंचाळली.

स्क्रीन काळी झाली.

आमचे पंखे फिरतच होते. वायर जागच्या जागी होती. मी ती काढली, लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. काही नाही.

भाची सावकाश माझ्याकडे वळली.

"ती नको म्हणत होती ना रे, मामा," ती म्हणाली. "मग का बंद केलंस?"

खोका अजून माझ्या काखेतच होता, सीलबंद.