पट्टा सैल होतो तेव्हा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी हे मी कुणाजवळ बोललेलो नाही.

रोज सकाळी साडेपाचला मी उकडलेल्या कलेजीचे तुकडे डबीत भरायचो आणि बोक्याला फिरायला न्यायचो. बोक्या म्हणजे आमचा कुत्रा. कुत्र्याचं नाव बोक्या ठेवणारी सुहासिनी, माझी बायको, पुण्यात एकटीच असावी. ती श्रावणात गेली. दुसरं कुत्रं दिसलं की अंगावर जायची खोड बोक्याला आधीपासूनच होती, पण सुहासिनी नुसतं हळूच म्हणायची, "आपल्याला काय करायचंय? चल." आणि तो मुकाट चालू लागायचा. तेच वाक्य मी तितक्याच हळू म्हणून पाहिलं. त्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

दिवाळीनंतर त्यानं रावसाहेबांच्या पॉमेरियनचा कान फाडला. रावसाहेब आमच्या वारज्यातल्या सोसायटीचे अध्यक्ष.

"श्यामराव," ते म्हणाले, "कुत्रा चावतो आणि माफी तुम्ही मागता. कामं छान वाटून घेतलीत."

मी शब्द दिला की पुन्हा असं झालं तर बोक्याला मुळशीला, मेव्हण्याच्या शेतावर पाठवून देईन. शब्द दिला आणि घरी येऊन बराच वेळ तिच्या कपाटासमोर बसून राहिलो. तिचं असं म्हणण्यासारखं, श्वास घेणारं, घरात तेवढंच उरलं होतं.

जनावरांची डॉक्टर उल्का जवळच राहते. तिच्याकडे गेलो.

"शहाण्यासारखा वागला की खायला काय देता त्याला?"

"बाकरवडी."

"काका, तो कुत्रा आहे. पाहुणा नाही."

तर आयुष्यात अंडंही न उकडलेला मी गॅलरीत वेगळी शेगडी मांडून कलेजी उकडू लागलो. उल्कानं पद्धत शिकवली. समोर कुत्रं दिसलं की तीस पावलांवरच थांबायचं. बोक्याचे कान ताठ व्हायच्या आत तोंडात तुकडा द्यायचा आणि उलटं वळायचं. जमलं की दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे.

"आणि पट्टा ताणून धरू नका," ती म्हणाली. "तुमची भीती पट्ट्यातून त्याच्यापर्यंत पोचते."

माझा पट्टा कायम ताणलेलाच असायचा.

डिसेंबरातली ती सकाळ. कालव्याच्या रस्त्यावर दाट धुकं होतं. जाळलेल्या पाल्याचा आणि साचलेल्या पाण्याचा वास येत होता. दिव्यांखाली तेवढा पिवळा उजेड, बाकी काही दिसत नव्हतं. आणि त्या धुक्यातून एकदम तीन भटकी कुत्री समोर आली. जेमतेम दहा पावलांवर.

वळायला सवड नव्हती. बोक्याची गुरगुर मला कानाआधी तळहातात जाणवली. मी डबी उघडायला गेलो, ती हातातून निसटली. तुकडे रस्त्यावर विखुरले. संपलं, मी मनात म्हटलं. मुळशी.

आणि पट्टा सैल पडला.

बोक्या खाली बसला. कान पाडून, तोंड वर करून तो माझ्या डावीकडे बघत होता. माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर. कुणाचा तरी चेहरा बघावा तसा.

ती तिघं भुंकली नाहीत. पुढच्यानं शेपूट पोटाखाली घातली आणि तो पाय मागे घेत घेत धुक्यात गेला. मग बाकीचे दोघे. हवेत शिकेकाईचा वास होता, नुकत्याच धुतलेल्या केसांना येतो तसा. डावीकडे बघायचं धैर्य मला झालं नाही.

"तू...?" मी म्हणालो.

बोक्या उठला आणि चालू लागला.

तेव्हापासून रोज असंच. बोक्या कुणाच्या अंगावर जाईना आणि कुणी आमच्या वाटेला येईना. रावसाहेबांचं पॉमेरियन तर आम्हाला पाहून लिफ्टपाशी पोट टेकून पडायचं.

"कसली जादू केलीत हो?" रावसाहेबांनी विचारलं.

"कलेजी," मी म्हणालो.

मुळशीचं नाव मग कुणी काढलं नाही. मी रस्त्यानं चालताना डाव्या अंगाला जागा सोडू लागलो. पाऊलही थोडं हळू टाकायचो, तिचे गुडघे दुखायचे म्हणून. घरातलं काहीबाही सांगायचो. गॅस संपला, मेव्हण्याच्या स्वरालीचं लग्न ठरलं. भीती वाटत होती, नाही असं नाही. पण साडेपाच कधी वाजतात याची वाटही बघत होतो.

गेल्या आठवड्यात बोक्याची दाढ काढली. उल्कानं त्याला एक दिवस दवाखान्यातच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याला आणायला मी एकटाच निघालो. चांगलं दहाचं ऊन पडलं होतं. आज ती नसणार, मला वाटलं. ती येते ती त्याच्यासाठी. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

चहाच्या टपरीपाशी पाच-सहा कुत्री उन्हात पसरली होती. मला पाहून सगळी एकदम उठली. आवाज न करता मागे सरकली... आणखी मागे. म्हणजे आलीच आहे, असं वाटून मी उजवीकडे भिंतीला चिकटलो, तिला नीट चालता यावं म्हणून. मग माझ्या लक्षात आलं. त्यांतलं एकही माझ्या डावीकडे बघत नव्हतं.

सगळी माझ्याकडे बघत होती.

दवाखान्यात उल्का बोक्याला बाहेर घेऊन आली. त्याचा गाल सुजला होता. तो क्षणभर थबकला, मग धावत आला आणि सगळा भार माझ्या पायांवर टाकून रडायला लागला. श्रावणानंतर तो असा रडला नव्हता.

"अगंबाई! काकांचे इतके लाड कधीपासून?" उल्का हसली आणि तिनं घरी नेण्याचा कागद पुढे केला. एका हातानं बोक्याला थोपटत मी सही केली.

ती कागद उचलायची थांबली.

"काका... तुम्ही डावखुरे आहात?"

मी पेन धरलेल्या हाताकडे पाहिलं.

मी नाही. सुहासिनी होती.