नारळाला पट्टा

ही ऐकीव गोष्ट नाही. मी स्वतः त्या गाडीत होते.

मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. जे मोजता येतं त्यावरच माझा विश्वास बसतो. म्हणून पाहिलं, ऐकलं आणि मोजलं तेवढंच लिहिते.

गेल्या ऑगस्टमधला रविवार. दुपारचे सव्वातीन. तंजावूरहून तिरुवैयारूला जाणारा रस्ता. लख्ख ऊन.

माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं, मुरलीकृष्ण भावोजींनी, जुनी गाडी विकत घेतली होती. चंदेरी रंगाची. देवळासमोर पूजा झाली, चाकांखाली लिंबं चिरडली. आता पहिली फेरी कावेरीपर्यंत. त्यांच्या घरची रीत अशी, की पहिल्या फेरीत घरातली सगळ्यांत लहान लेक पुढे बसते. आईच्या मांडीवर.

ती लेक म्हणजे नित्या. दीड वर्षाची.

मी माझ्या पहिल्या पगारातून तिच्यासाठी लहान मुलांची सीट आणली होती. सकाळीच मागे नीट बसवून दिली होती. गाडीत शिरले, तर त्या सीटवर पूजेचं तबक. नारळ घरंगळू नये म्हणून वरून पट्टा आवळलेला.

नारळाला पट्टा. मुलीला नाही.

आणि तिच्या आईला, माझ्या अंबाअक्कालाही नाही. तिच्या सीटच्या खोबणीत नुसती एक खोटी पट्टी अडकवलेली. ती अडकवली, की गाडीला वाटतं पट्टा लावलाय. मग इशारा वाजत नाही.

"भावोजी, चाळीसच्या वेगात गाडी कशावर आदळली, तर दहा किलोचं मूल शंभर किलोच्या जोरानं पुढे फेकलं जातं. अक्का कशी धरणार?"

"आई आहे ती! मूल जन्माला घालताना न्यूटनला विचारलं होतं का आम्ही?"

त्यांच्या आई, शेषम्मा, माझ्या शेजारी बसल्या होत्या. "पोदुम, विनुता. पुरे. चांगल्या दिवशी असलं बोलतात का?"

अक्कानं मांडीवरच्या नित्याला जवळ ओढलं. मी चिडून बाहेर बघत बसले.

वेण्णार नदीचा पूल ओलांडला… आणि आवाज सुरू झाला.

टिंग… टिंग… टिंग…

पट्टा न लावल्याचा इशारा.

भावोजींनी खोटी पट्टी दाबली. घट्ट होती. वेगाच्या काट्याशेजारचा लाल दिवाही बंद होता. तरी आवाज चालूच.

"वायरिंग गेलं असेल," म्हणत त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढली.

किल्ली त्यांच्या हातात होती.

टिंग… टिंग… टिंग…

शेषम्मा हात जोडून बसल्या. नित्या मात्र खुशाल आईची बांगडी चावत होती.

मला भीती वाटायला हवी होती. राग आला. मी पट्टा सोडला, तबक उचलून शेषम्मांच्या मांडीवर ठेवलं, खाली उतरले, पुढचं दार उघडलं.

"अक्का, दे तिला."

"अगं, रीत…"

"रीत गेली चुलीत! दे म्हणते ना!"

अक्कानं नित्याला माझ्याकडे दिलं. मी नित्याला मागे तिच्या सीटवर बसवलं. पट्टे खांद्यांवरून घेतले, आवळले, खटका लावला.

आवाज थांबला.

अक्कानं खोटी पट्टी उपसून खिडकीबाहेर फेकली आणि स्वतःचा पट्टा लावला. भावोजी पुटपुटले, "बघ, लूज कॉन्टॅक्टच होता."

तीन मिनिटं झाली असतील. समोर एक शेळी आडवी आली. भावोजींनी करकचून ब्रेक दाबला. शेळी निसटली. आम्ही कशालाच धडकलो नाही.

पण समोर… ठक्कन आवाज आला.

काही तरी काचेवर आपटल्याचा. आतून.

अक्काच्या समोरच्या काचेवर तडा गेला होता. चांदणीसारखा, मुठीएवढा. तिची मांडी रिकामी होती. तिचं डोकं सीटला टेकलेलं होतं. काचेपाशी काहीच नव्हतं.

अक्का किंचाळली नाही. तिनं फक्त मांडीवरून हात फिरवला. "विनु… इथं आत्ता वजन होतं."

आम्ही कावेरीपर्यंत गेलोच नाही.

घरी आल्यावर मी टेप घेऊन गाडीत बसले. नित्याला अक्काच्या मांडीवर बसवलं, पुढे झुकवलं, तिचं कपाळ काचेपाशी कुठं येतं ते पाहिलं. तीनदा मोजलं.

तडा सात सेंटिमीटर खाली होता.

तिथं नित्याचं डोकं येत नव्हतं. तिच्याहून लहान मुलाचं आलं असतं.

मग मी काचांच्या कोपऱ्यांतले छाप वाचले. दारांच्या सगळ्या काचा दोन हजार वीसच्या. पुढची एकटीच बावीसची. म्हणजे ती कधीतरी बदलली होती.

भावोजींच्या कागदपत्रांतून जुन्या मालकाचा नंबर काढला. भरद्वाज नावाचे गृहस्थ. मी म्हटलं, "तुमच्या गाडीची पुढची काच का बदलली होती?"

त्यांनी उलट मलाच विचारलं.

"मांडीवर कुणी होतं का, मा?"

"नाही. काढून घेतलं होतं."

ते रडायला लागले. फोन ठेवला. नंतर तो नंबर कधीच लागला नाही.

मी भावोजींना सगळं सांगितलं. गाडी भंगारात द्या म्हटलं. त्यांनी नवी काच बसवली आणि पंधरा दिवसांत गाडी विकली. विकणाऱ्यानं "अपघात नाही" असं सांगायचं असतं. त्यांनीही तेच सांगितलं. त्यांना फसवणाऱ्यानं जे सांगितलं होतं, तेच!

गिऱ्हाईक गाडी न्यायला आलं, तेव्हा मी राजवाड्याजवळच्या गल्लीतून गाडीपाशी धावत गेले. एक तरुण जोडपं. बायको पुढे बसलेली. मांडीवर पाचसहा महिन्यांचं बाळ.

मी काचेवर थापा मारल्या. खिडकी खाली आली. जे झालं ते सांगितलं. नवरा ऐकून हसला.

"घट्ट धरेल ती, मा. आई आहे."

गाडी निघाली.

ती कुठल्या गावाला गेली, ते भावोजी सांगत नाहीत. मी त्यांच्याशी बोलत नाही. नित्या रोज स्वतःच्या सीटवर बसते, पण त्यानं माझं समाधान होत नाही. रस्त्यात चंदेरी गाडी दिसली, की मी चालकाकडे बघत नाही. पुढची काच बघते, डावीकडची बाजू.

आजवर ती शाबूत दिसली आहे. पण ती गाडी मला अजून दिसलेली नाही.